माती ओली, तरी झाडाने मान टाकली: कुंडीतलं पाणी नेमकं कुठे अडलंय ते शोधताना

फोटो बहुधा एकच असतो. बाल्कनीतली कुंडी, तिच्यात मान टाकलेली जास्वंद नाहीतर मोगरा, आणि खाली एक ओळ: "दादा, पाणी रोज घालते हो, तरी असं का होतंय?" गेली बारा वर्षं कळवा-ठाण्यापासून नेरुळ-सीवूड्सपर्यंत लोकांच्या बाल्कन्या सांभाळतोय. या ओळीला माझं फोनवरचं उत्तर आता ठरलेलं आहे. "काकू, मी येईपर्यंत पाणी घालू नका."

झाडाने मान टाकली याचा अर्थ पानापर्यंत पाणी पोचत नाही, एवढाच. कुंडीत पाणी आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. पानाला हाडं नसतात. कोवळ्या पानाच्या वजनात ऐंशी-नव्वद टक्के पाणीच असतं, आणि पेशी त्या पाण्याने टम्म फुगलेल्या असतात म्हणून पान ताठ उभं राहतं. पेशीच्या आतला हा दाब मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दुप्पट-तिप्पट सहज असतो. दाब उतरला की पान लोंबतं. पाण्याची वाट मातीतून मुळात, मुळातून खोडातल्या जलवाहिन्यांत, तिथून पानात आणि पानाच्या बारीक रंध्रांतून हवेत, अशी आहे. या वाटेवर कुठेही नाकाबंदी झाली तरी वरचं दृश्य सारखंच दिसतं. गल्लत होते ती इथेच. माणूस तहानेचं चिन्ह बघतो आणि तांब्या उचलतो.

आधी लक्षणं नीट बघा

फोटो काढायच्या आधी पाच मिनिटं झाडाजवळ बसा. दुपारी बारा ते चार मलूल आणि संध्याकाळी परत ताठ, हा एक प्रकार. दिवसभर मलूल, पानं हिरवीच पण पातळ चिंध्यांसारखी, माती वरून कोरडी, हा दुसरा. माती ओली, खालची पानं पिवळी पडून गळतायत आणि कुंडीतून गटारासारखा वास येतोय, हा तिसरा. आमच्याकडे जुलै ते सप्टेंबर येणाऱ्या फोनांत हाच सगळ्यांत जास्त. पानांच्या कडा आणि टोकं तपकिरी, कुरकुरीत, आणि मातीवर किंवा कुंडीच्या बाहेरून पांढरी पुटं, हा चौथा. पाचवा प्रकार टोमॅटो, वांगी, मिरचीवाल्यांचा: काल संध्याकाळी झाड हिरवंगार होतं, आज अख्खं कोसळलंय, आणि एकही पान पिवळं नाही.

एक लक्षण मात्र लक्षण नाही. मनीप्लांट, अळू, मॉन्स्टेरा यांच्या पानांच्या टोकांवर सकाळी पाण्याचे थेंब लोंबताना दिसतात, आणि लोक घाबरून विचारतात की झाड गळतंय का. रात्री रंध्रं मिटलेली, मुळं मात्र पाणी वर ढकलतायत, म्हणून ते कडांवरच्या छिद्रांतून बाहेर येतं. मुळं ठणठणीत असल्याची ती पावती आहे.

पहाटे सहाला उठून बघा (खर्च: एक झोप)

पहिली तपासणी फुकट आहे, आणि ती केल्याशिवाय पुढची एकही करू नका. उजाडता उजाडता झाडाकडे जा. दुपारी मलूल झालेलं झाड पहाटे ताठ उभं असेल, तर मुळं शाबूत आहेत आणि वाट उघडी आहे. दुपारची मागणी पुरवठ्याहून जास्त होते, एवढीच तक्रार. पहाटेही मान खालीच असेल, तर खरंच काहीतरी बिघडलंय.

याचं कारण रंध्रांत आहे. दिवसा पान कार्बन डायऑक्साइड आत घ्यायला रंध्रं उघडतं, आणि त्याच दारातून पाणी वाफ होऊन निघून जातं. मुळांनी ओढलेल्या शंभर लिटर पाण्यातलं पंच्याण्णव लिटरांहून जास्त असं हवेतच जातं. झाड स्वतःच्या अंगी लावतं ते उरलेलं चिमूटभर. रात्री रंध्रं मिटली की वरची ओढ थांबते आणि मुळांना भरपाई करायला सात-आठ तास मिळतात. तेवढ्या वेळातही पेशी फुगल्या नसतील तर मुळात, खोडात किंवा मातीत खोट आहे. कोरफड आणि तिच्यासारख्या मांसल झाडांना ही परीक्षा लावू नका. त्यांचा कारभार उलटा, रंध्रं रात्री उघडतात, आणि ती मलूल दिसेपर्यंत बरंच काही होऊन गेलेलं असतं.

कुंडी उचला, मग काडी खुपसा

पहाटेही झाड मलूल दिसलं, तर कुंडी दोन्ही हातांनी उचलून बघा. पाणी घातल्यावर एकदा आणि दोन दिवसांनी एकदा उचललीत की हाताला फरक कळायला लागतो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. हात एवढं ओळखतो. ज्यांना हातावर भरवसा नाही त्यांनी प्रवासाच्या बॅगा तोलायचा काटा वापरावा. स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने तीनशे वर्षांपूर्वी कुंडीतल्या सूर्यफुलाचं वजन रोज करून झाड दिवसाला किती पाणी हवेत सोडतं ते मोजलं होतं, ते याच युक्तीने. त्याने मातीवर झाकण बसवलं होतं, म्हणजे मातीतून उडालेलं पाणी हिशेबात येऊ नये. आपल्याला तेवढी कसोशी नको.

वजनाने शंका फिटली नाही तर काडी. मोठ्या उदबत्तीची उरलेली बांबूची काडी धुऊन वाळवा, कुंडीच्या कडेने तळापर्यंत खुपसा, दहा मिनिटांनी बाहेर काढा. वर कोरडी आणि खाली काळपट ओली आली, तर बोट खुपसून तुम्ही जे ठरवत होतात ते चुकत होतं. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, वरून वाळून भुरं दिसतं आणि खाली चार-पाच इंच चिखल असतो. काडी तळापर्यंत कोरडी आली, तर झाड खरंच तहानलेलं आहे, मग तुम्ही रोज कितीही पाणी घाला.

हे दुसरं कसं होतं ते नेरुळला एका काकूंकडे डोळ्यांनी पाहिलं. जास्वंद नर्सरीच्या काळ्या पिशवीतून काढून छान मोठ्या कुंडीत लावलेली, भोवती कोकोपीट आणि गांडूळखत. रोज लिटरभर पाणी, ताटलीत लगेच उतरणारं. काकू खूश, की निचरा चांगला आहे. मी झाड उपसलं तर मधे पिशवीच्या आकाराचा लाल मातीचा गोळा, विटेसारखा टणक, आतून ठक्क कोरडा. सगळी मुळं त्या गोळ्यात, आणि पाणी गोळ्याला वळसा घालून भुसभुशीत कोकोपीटमधून तळाला. आपल्याकडच्या लाल मातीतली झाडं असोत की आंध्रातल्या कडियमहून ट्रकने येणारी, चिकणमातीच्या गोळ्यात बांधलेली असतील तर हा घोळ हमखास.

उपाय सोपा आहे. कुंडी बादलीत पाण्यात अर्धी बुडवून ठेवा. बुडबुडे यायचे थांबले की काढा आणि निथळू द्या. नवं झाड लावताना गोळा बोटांनी बाहेरून मोकळा करा. थोडी मुळं तुटली तरी चालतात. नर्सरीवाला "गोळा फोडू नका, झाड मरेल" म्हणतो. गोळा अख्खा ठेवल्याने मेलेली झाडं मी जास्त पाहिलीत.

भोक, ताटली आणि खड्यांचा थर

तळ चिखल असेल तर कुंडी आडवी करून भोक बघा. हसू नका, दरवर्षी तीन-चार घरांत मला भोक नसलेली कुंडी मिळते. प्लास्टिकच्या बऱ्याच कुंड्यांना तळाशी भोकांच्या जागी फक्त पातळ चकत्या असतात, त्या आपण तापल्या स्क्रूड्रायव्हरने पाडायच्या असतात. कुणी सांगत नाही. दिवाळीला भेट आलेल्या चिनीमातीच्या कुंड्यांचंही तेच: आत नर्सरीची कुंडी, बाहेर शोभेची, आणि दोन्हींच्या मधे वीतभर पाणी. ताटलीतलं पाणी अर्ध्या तासात ओतून टाका. पावसाळ्यात महापालिकेची माणसं टॉर्च घेऊन ताटल्या तपासत फिरतात ती डेंग्यूच्या डासांसाठी, पण मुळांवरही त्यांचे उपकारच होतात.

तळाला खडे किंवा विटांचे तुकडे घालायची सवय आपल्या घराघरांत आहे. भोकावर खापराचा एक तुकडा ठेवा, माती वाहून जाऊ नये म्हणून. त्याहून जास्त नको. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही. ते मातीच्या तळाशीच अडकून राहतं. खड्यांचा तीन इंच थर घातलात की चिखलाचा तोच पट्टा तीन इंच वर, मुळांच्या जवळ सरकतो.

आता घरचीच गोष्ट. आईची तुळस दर श्रावणात जायची. आठ वर्षं मी कुंडी बदलली, माती बदलली, जात बदलली. मग एकदा सुट्टीच्या दिवशी सकाळी बसून बघितलं. आईचा पूजेचा तांब्या, वहिनीचा तांब्या, शेजारच्या आजी दर्शनाला येतात त्यांचाही तांब्या, आणि वरून पाऊस. "अगं, तिला श्वास तरी घेऊ दे," म्हटलं, तर आई म्हणाली, "तुळशीला पाणी घालू नको असं सांगणारा तू पहिलाच." शेवटी तांब्याच्या जागी पळी आली. तुळस तिसरं वर्ष काढतेय.

ऊन, वारा आणि एसीचं तोंड

पहाटे ताठ आणि दुपारी मलूल, असा निकाल आला असेल तर मातीत हात घालायचं कारण नाही. झाड कुठे ठेवलंय ते बघा. घोडबंदर रोडच्या बाविसाव्या मजल्यावर वारा जमिनीसारखा नसतो. पानाभोवती दमट हवेचा जो पातळ थर असतो तो वारा सतत पुसून नेतो आणि ओढ वाढते. पश्चिमेची बाल्कनी, ऑक्टोबरचं ऊन आणि काळी प्लास्टिकची कुंडी, हे तिन्ही जमलं की उन्हाकडच्या बाजूची मुळं अक्षरशः भाजतात. सगळ्यांत हटकून निघणारा गुन्हेगार म्हणजे एसीचं बाहेरचं यंत्र. त्याच्या गरम झोताच्या वाटेत कुंडी ठेवलेली असते, आणि झाड "फक्त उन्हाळ्यातच" का सुकतं याचं कोडं घरच्यांना सुटत नाही.

झाडाला या ओढीचं एवढं का लागतं, तर पाणी वर चढतं तेच त्या ओढीने. झाडात पंप नाही. पानातून पाण्याचा एक कण वाफ होऊन गेला की तो मागच्याला ओढतो, कारण पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. खोडातली पाण्याची अख्खी तार त्यामुळे वर सरकते. डब्लिनच्या डिक्सन आणि जोली यांनी १८९४ मध्ये हे मांडलं. ओढ फार वाढली आणि खालून पुरवठा कमी पडला तर तार तुटते, वाहिनीत हवेचा बुडबुडा शिरतो आणि ती वाहिनी बंद पडते. निशिगंधाच्या दांड्या फुलदाणीत ठेवण्याआधी पाण्याखाली छाटतात ते याचसाठी, कापलेल्या तोंडातून हवा आत जाऊ नये म्हणून.

कुंडी दोन फूट आत घ्या, निम्मी सावली देणारी हिरवी जाळी लावा, चार कुंड्या एकमेकींना खेटून ठेवा. आठवडाभर पहाटे आणि दुपारी दोन्ही वेळा बघा. इथेच सुटलं तर पुढचं वाचायची गरज नाही.

पाणी कुठल्या नळाचं?

इथून पुढे थोडे पैसे लागतात. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार (लिटरला किती मिलिग्रॅम ते), मोजायचं पेन दोनशे-तीनशे रुपयांत मिळतं, आणि माझ्या पिशवीत खुरप्याच्या शेजारी तेच असतं.

काकडीच्या चकत्यांवर मीठ भुरभुरवून दहा मिनिटं ठेवा. ताटात पाणी सुटतं आणि चकती लवलवीत होते. कैरीला मीठ लावल्यावर बरणीत खार सुटतो तोही असाच. पेशीच्या आतल्यापेक्षा बाहेर क्षार जास्त झाले की पाणी बाहेर निघतं. शाळेत याला परासरण म्हणत होतो. मुळाचा केस म्हणजे अशीच एक पेशी. मातीतलं पाणी खारट होत गेलं की मुळाला ते ओढणं जड जातं, आणि हद्द ओलांडली की मुळातलंच पाणी बाहेर यायला लागतं. माती ओलीचिंब आणि झाड तहानेने व्याकूळ. त्यावर आणखी तेच पाणी घातलं की काय होईल ते काकडीला विचारा.

क्षार येतात कुठून? पहिला मार्ग पिण्याचं पाणी गाळणाऱ्या आरओ यंत्राच्या टाकाऊ पाण्याचा. फेकवत नाही म्हणून लोक ते झाडांना घालतात. मूळ पाणी गोडं असेल, नवी मुंबईत मोरबे धरणाचं येतं तसं, तर टाकाऊ पाणीही फार वाईट नसतं. पण सोसायटीत टँकर किंवा बोअरवेलचं पाणी मिसळत असेल, तर आरओ त्यातले सगळे क्षार गोळा करून त्याच नळीतून तुमच्या मोगऱ्याला देतो. दुसरा मार्ग फ्लशची लाइन. घोडबंदरच्या एका अकराव्या मजल्यावर बाल्कनीतली झाडं मरत होती आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतली मस्त होती. ऊन सारखं, माती सारखी, हातही एकाच बाईचे. पेन लावलं: स्वयंपाकघराच्या नळाला ९०, बाल्कनीच्या नळाला १,७००. प्लंबरने बाल्कनीचा नळ फ्लशच्या लाइनला जोडला होता, आणि त्या लाइनला बोअरचं पाणी. घरच्यांना चार वर्षं पत्ता नव्हता. सॉफ्टनर, म्हणजे जड पाणी मऊ करायचं यंत्र, लावलेलं पाणीही झाडांना नको: ते साबणाला बरं, पण त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम आलेलं असतं.

मी धरतो तो अंदाज असा: ५०० च्या खाली निर्धास्त घाला, ५०० ते १,००० असेल तर महिन्यातून एकदा कुंडी धुवा (कशी, ते खाली), त्याच्या वर असेल तर ते पाणी कुंडीला नकोच. एसीचं ठिबकणारं पाणी हवेतून आलेलं, म्हणजे जवळजवळ क्षार नसलेलं. दुसऱ्या पाण्यात मिसळून खुशाल वापरा.

तिसरा मार्ग मूठभर डीएपी, म्हणजे दाणेदार रासायनिक खत. "झाड मलूल दिसलं म्हणून खत घातलं" हे वाक्य ऐकलं की मी डोक्याला हात लावतो. आजारी मुळाला खत म्हणजे वरून मीठच. कुंडी धुणं म्हणजे तिच्या मातीच्या दुपटी-तिपटीएवढं गोडं पाणी सावकाश वरून ओतून खालून वाहू देणं. ताटली काढून करा, बाथरूममध्ये करा, खालच्या मजल्यावरच्यांच्या वाळत घातलेल्या चादरी आठवून करा.

आता मुळं बाहेर

इथवर सगळं करून झाड पहाटेही मलूलच असेल तर जमिनीवर जुनं वर्तमानपत्र अंथरा. तासाभराचं काम आहे. झाड दगावू शकतं, म्हणून हे आधी करायचं नाही.

निरोगी मूळ पांढरट, पिवळसर आणि कडक असतं. वाकवलं तर काडकन मोडतं. कुजलेलं तपकिरी, बुळबुळीत. दोन बोटांत धरून ओढलं की साल मोज्यासारखी हातात येते आणि आतला दोरा लोंबत राहतो. वास तर लांबूनच येतो.

मुळालाही श्वास लागतो. लिटरभर हवेत अडीचशे मिलिग्रॅमहून जास्त ऑक्सिजन असतो, तेवढ्याच पाण्यात जेमतेम आठ. आणि तो पाण्यातून हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश सरकतो. मातीच्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळं काही तासांतच गुदमरायला लागतात. आणि गंमत पुढे आहे. पेशीच्या आवरणात पाण्यासाठी खास दारं असतात, अ‍ॅक्वापोरिन नावाची प्रथिनं. पीटर अ‍ॅग्रे यांना ती पहिल्यांदा माणसाच्या तांबड्या रक्तपेशींवर काम करताना सापडली, आणि २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या मूत्रपिंडातही तीच चालतात. ऑक्सिजन संपला की मुळाच्या पेशीच्या आतला रस आम्लधर्मी होतो आणि ही दारं मिटतात. म्हणजे बुडालेलं झाड पाण्यात उभं राहून स्वतःची दारं लावून घेतं. पानं मलूल, आपण तांब्या उचलतो. कमकुवत झालेल्या मुळावर मग पिथियम आणि फायटोफ्थोरासारखे रोगजंतू तुटून पडतात. त्यांची बीजं मातीतल्या पाण्यात चक्क पोहत येतात.

चिखल आणि खारं पाणी या दोन्हींवर मात केलेली झाडं बघायची असतील तर ऐरोलीच्या पुलावरून ठाण्याच्या खाडीकडे बघा. ओहोटीला तिवरांच्या भोवती चिखलातून पेन्सिलीसारखे हजारो कोंब वर आलेले दिसतात. ती श्वासाची मुळं. चिखलात हवा नाही म्हणून तिवराने नाक वर काढलंय. बरंचसं मीठ तो मुळाशीच अडवतो, उरलेलं पानांतून बाहेर टाकतो. पानाला जीभ लावली तर खारट लागते. पान तोडू मात्र नका, कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे. आपल्या जास्वंदीला यातलं काहीच जमत नाही.

वाचवायचं असेल तर असं करा. कुजलेली मुळं स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने पांढरा भाग लागेपर्यंत कापा. जेवढी मुळं गेली त्या हिशेबात वरची पानंही छाटा, निदान तिसरा हिस्सा; उरलेली मुळं पूर्वीएवढ्या पानांना पुरवू शकत नाहीत. इथे लोकांचा हात अडखळतो. कळी असलेली फांदी तर कुणी कापूच देत नाही. तीच आधी कापा. मग आधीपेक्षा लहान कुंडी घ्या, कारण मोठ्या कुंडीतली जास्तीची माती पाणी धरून बसते आणि ते प्यायला मुळंच नसतात. लाल माती, कोकोपीट आणि चांगलं कुजलेलं खत समान, वर दोन मुठी जाड वाळू किंवा विटेचा चुरा. एकदा पाणी घाला, सावलीत ठेवा, वरून पारदर्शक पिशवी सैल पांघरा. आतली हवा दमट राहिली की पानांची मागणी घटते. आठवड्याने पिशवी काढा. महिनाभर खत नाही. पंधरा दिवसांत नवा फुटवा दिसला तर वाचलं. मुळांपैकी पांढरी पावही उरली नसतील तर कष्ट घेऊ नका, चांगल्या फांदीचं छाट लावा.

मुळांवर मण्यांसारख्या गाठी असतील तर ते सूत्रकृमी, आणि कापसासारखे पांढरे पुंजके असतील तर पिठ्या ढेकूण. दोन्हींत ती माती दुसऱ्या कुंडीत वापरायची नाही.

ग्लासातली कसोटी

पाचव्या प्रकारासाठी, म्हणजे एका रात्रीत कोसळलेल्या टोमॅटो, वांगी, मिरचीसाठी. ही कसोटी झाडाचा जीव घेते, पण ते तसंही जाणारच असतं. जमिनीलगतचा खोडाचा दोन-तीन इंचांचा तुकडा कापा आणि काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात, फक्त खालचं तोंड बुडेल असा, दोरीने टांगून धरा. ग्लासामागे काळा कागद ठेवा आणि हलवू नका. पाच मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधी धूर सुटल्यासारखी बारीक धार खाली उतरली, तर तो जिवाणूजन्य मर रोग. ती धार म्हणजे जलवाहिन्या तुंबवून बसलेल्या जिवाणूंचा लगदा. मुळं चांगली, माती चांगली, पाणी चांगलं, नळच तुंबलाय. औषध नाही. झाड मातीसकट पिशवीत बांधून कचऱ्यात, कंपोस्टमध्ये नाही. कुंडी आणि कात्री निर्जंतुक करा, आणि तिथे पुन्हा वांगं-टोमॅटो-मिरची लावू नका.

इथे थांबा

कुंड्यांखालचा स्लॅब ओला राहतो, खालच्या घराच्या छताला डाग आलाय, किंवा बाल्कनीच्या कडेला मोठे पेटारे आहेत आणि तिथे भेग दिसतेय: झाड विसरा, स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलवा. शंभर लिटरच्या पेटाऱ्यातली भिजलेली माती दीडशे किलोंपर्यंत जाते. ते वजन बाल्कनीने पेलावं की नाही हे ना मी सांगू शकतो, ना तुमचा माळी.

सोसायटीच्या आवारातलं मोठं झाड मलूल होत असेल तर त्याची मुळं उकरू नका, फांद्या छाटू नका. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि पडायला आलेलं झाड ओळखणं हे आर्बोरिस्टचं, म्हणजे मोठ्या झाडांच्या तज्ज्ञाचं काम आहे.

वेगवेगळ्या जातींची चार-पाच झाडं दोन दिवसांत एकदम गेली, तर रोग असायची शक्यता कमी. इमारतीचं रंगकाम, टाकीची सफाई, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, फरशीला अ‍ॅसिड, यातलं काय झालं ते विचारा आणि माती परीक्षण प्रयोगशाळेत द्या. नळाचं पाणी १,५०० च्या वर निघालं तर सोसायटीच्या कमिटीकडे लेखी द्या. त्याची तपासणी प्रयोगशाळेतूनच करून घ्यावी लागते, दोनशे रुपयांचं पेन तिथे पुरत नाही. घरात लहान मूल किंवा मांजर असेल आणि कुणी मुळांत ओतायला कीटकनाशक सुचवलं, तर कृषी अधिकाऱ्याला विचारल्याशिवाय बाटली उघडू नका.

माझ्यासारख्या कुणाला बोलवणार असाल तर फोटो चार पाठवा: पहाटे सहाचं झाड, दुपारी दोनचं झाड, कुंडीचं भोक, आणि काडी. फुलाचा नको.